वहीतले अठ्ठ्याहत्तर ओके

मला एक सांगा, माणसानं विश्वास नेमका कुणावर ठेवावा? माणसावर, मशीनवर, की वहीवर? घाईनं उत्तर देऊ नका. मी तिघांवरही ठेवला होता, आणि तिघांनीही मला व्यवस्थित तोंडावर पाडलं. मशीन आणि माणसं तशी निर्दोष निघाली, ती गोष्ट वेगळी.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान. अशा दुकानात किस्से कसे साठतात माहीत आहे? न खपलेल्या बेअरिंगसारखे. कुणी मागत नाही, पण फेकवतही नाहीत. रॅकवर धूळ खात पडलेले असतात आणि एक दिवस कुणीतरी येऊन नेमका तोच नंबर विचारतो!

परवा एका ओळखीच्या माणसानं विचारलं, "शेठ, तुमच्याकडे बॅकअपची काय सोय आहे?" झालं. पूर्ण रॅकच खाली आला.

*

आधी माणसं सांगतो. फार नाहीत.

कोयाभाई, आमचा स्टोअरकीपर, कालिकतचा. अंधारातही हात घालून हवा तो सील काढून देईल. गुल खान, ड्रायव्हर, पेशावरकडचा. बोलतो कमी, आणि जे बोलतो ते खरं, म्हणून आणखी कमी बोलावं असं वाटतं. घरी आमच्या सौ. मालतीबाई आणि मुलगी केतकी. केतकी इथेच वाढली, दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोन्ही भाषांत नीट होतं.

आणि निखिल. पुण्याचा मुलगा, आमचा कॉम्प्युटरवाला. मला सगळे 'शेठ' म्हणतात, तो एकटा 'काका' म्हणायचा.

मी दहावी पास, तेही कराडची शाळा मला कंटाळली म्हणून. पण वीस वर्षं खपून मी एक यादी केली होती. कुठल्या जुन्या मशीनला कुठला नंबर बसतो, तो मिळत नसेल तर त्याऐवजी दुसरा कुठला चालतो. आम्ही तिला 'जुळणी' म्हणायचो. आधी डायऱ्या होत्या, मग निखिलनं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि कोयाभाईनं एकेका पार्टचा फोटो चढवला.

तेजीच्या दिवसांत जुळणीला कुत्रं विचारत नव्हतं. मशीन बिघडलं? नवीन आणा! मग २००८ची मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, शेजारची तीन दुकानं बंद झाली. आणि ज्यांचं काम थोडंफार चालू होतं ते भंगारातले पंप आणि मिक्सर बाहेर काढून आमच्या दारात आले. "शेठ, याला काय बसेल?" ते फक्त आमच्याकडेच कळायचं. मंदीत दुकान तरलं ते त्या एका यादीवर. ती गेली असती तर आमच्या शटरलाही चौथं कुलूप लागलं असतं.

*

ही जुळणी एका डब्यात राहायची. डबा म्हणजे नेटवर्कचं स्टोरेज, पावाच्या डब्याएवढं. दुकानातल्या दोन्ही जुनाट कॉम्प्युटरांत जागाच नव्हती, सगळं त्या डब्यात.

निखिलनं समजावलं होतं, "काका, आत दोन डिस्क आहेत. एक मेली तर दुसरीवर सगळं तसंच आहे. पण डबाच गेला तर? म्हणून मागे ही बाहेरची ड्राइव्ह लावतोय. दर शुक्रवारी दुपारी दोन वाजता आपोआप कॉपी होईल. शनिवारी कुणीतरी बघायचं आणि या वहीत लिहायचं."

"काय लिहायचं?"

"झालं तर ओके."

झालं नाही तर काय लिहायचं, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. मंदीत एवढंच बाकी होतं, आणखी अशुभ कशाला!

पुढच्याच महिन्यात मला एक पगार कमी करावा लागला. कोणाचा, ते मला सांगवेना. निखिलच आत आला आणि म्हणाला, "काका, मी पुण्याला जातो. तुम्ही बोलू नका." विमानतळावर मी सोडायला गेलो. आत जाताना म्हणाला, "दुकान बंद करू नका हं."

मी त्याला नंतर फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

*

दीड वर्षानं, एका सकाळी दुकानात कुठेतरी टीं... टीं... टीं... सुरू झालं.

कोयाभाई म्हणाला, "शेठ, फ्रिज." फ्रिज बंद केला, टीं टीं चालू. मी म्हणालो, आगीचा अलार्म असेल. शिडी लावून तो काढला, फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवला. टीं टीं चालू. गुल खान शांतपणे म्हणाला, "शेठ, बगल वाले का होगा." शेजारचं दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं!

दोन दिवस आम्ही तसेच बसलो. तिसऱ्या दिवशी केतकी कॉलेजातून दुकानात आली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, दॅट्स युअर बॉक्स. इट्स क्रायिंग!"

डब्यावर लाल दिवा. दोनातली एक डिस्क मेली होती.

मी दुबईच्या कॉम्प्युटर मार्केटात गेलो. काउंटरवरच्या माणसानं नवी डिस्क दिली, पण हात तिच्यावरच ठेवला. "शेठ, पहले बॅकअप, फिर डिस्क. नई डालते ही पुरानी पे ज़ोर पड़ता है. दोनों साथ ली थी ना? तो उसकी भी उमर हो गई."

मी हसलो. "बॅकअप? अरे, आमच्याकडे वही आहे!"

*

वही उघडली. काय सुंदर वही! दर शनिवारची तारीख, पुढे ओके, पुढे कोयाभाईची सही. एकही खाडाखोड नाही. केतकीनं मोजले, अठ्ठ्याहत्तर ओके.

मग तिनं बाहेरची ड्राइव्ह लॅपटॉपला लावली. शेवटची कॉपी निखिल गेला त्या आठवड्याची. त्यानंतर काही नाही. दीड वर्षात जुळणीत घातलेले सगळे नंबर एका म्हाताऱ्या डिस्कवर लटकत होते.

"कोयाभाई! हे ओके कसले?"

"शेठ, लाइट ओके थी."

"कुठली लाइट?"

"हरी वाली. रोज़ जलती है. मैंने एक दिन भी झूठ नहीं लिखा!"

खरं होतं. हिरवा दिवा म्हणजे ड्राइव्हला वीज मिळते आहे, एवढंच. तो बिचारा दर शनिवारी जाऊन बघत होता, आणि दिवा खरंच ओके होता.

"आणि ऑगस्टमध्ये तू महिनाभर गावी होतास. ते चार ओके?"

कोयाभाईनं वहीवर बोट ठेवलं. "वो जाने से पहले देख के लिखा था, शेठ. मज़बूत लाइट है."

*

आता प्रश्न असा की कॉपी होत का नव्हती? केतकीनं डब्याची नोंद वाचली. शुक्रवारी दोन वाजता डबा बंद! दर शुक्रवारी!

मी भडकलो. शुक्रवारी सुट्टी असते, दुकानात कोणी नसतं. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी जाणाऱ्यानं मेन स्विच बंद केलाय. मी दोघांना समोर उभं केलं. "खरं सांगा. हे कुणाचं काम? वीस वर्षांची मेहनत आहे माझी. ज्यानं हे केलंय त्याला मी सोडणार नाही!"

गुल खान पुढे आला. मला हाताला धरून दारापाशी घेऊन गेला. तिथे एक कागद चिकटवलेला, ऊन खाऊन पिवळा पडलेला. चार भाषांत लिहिलेला. गुल खाननं त्यातली उर्दू मोठ्यानं वाचून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी.

"बिजली बचाइए. जाते वक़्त मेन बंद कीजिए. हुक्म से..."

आणि सहीवर बोट ठेवून म्हणाला, "ये मुझसे पढ़ा नहीं जाता, शेठ. ये किसका नाम है?"

*

निखिल गेल्यावर लगेच लावलेला तो कागद फाडला. मेन चालू ठेवला. कॉपी सुरू केली. पाच मिनिटांत फेल. कारण काय, तर ड्राइव्हवर जागा नाही!

"जागा नाही? एवढी मोठी ड्राइव्ह! आहे काय तिच्यात?"

केतकीनं उघडून दाखवलं. आमच्या मंडळाची तीन वर्षांची नाटकं. अजमानच्या हॉलमध्ये केलेली, दोन दोन कॅमेऱ्यांनी घेतलेली, तालमींसकट. एकात मालतीबाई खाष्ट सासू झाल्या होत्या. गणपतीत दाखवायला म्हणून मीच ड्राइव्ह एकदा घरी नेली होती.

संध्याकाळी घरी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, यात ठेवलेलं कधी जात नाही? म्हणून ठेवलं."

"ते आता पुसावं लागेल."

"माझं काम पुसणार? आधी तुमची बेअरिंगं पुसा!"

बघा, आख्ख्या अमिरातीत त्या ड्राइव्हवर मनापासून विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती, आणि तिचं मात्र सगळं सुरक्षित होतं!

गेलो आणि दुसरी ड्राइव्ह आणली. चारशे दिरहम. "म्हणजे पाच हजार रुपये!" मी घरात मोठ्यानं म्हणालो, कुणी ऐकलं तर बरं म्हणून. कुणी ऐकलं नाही. आत टीव्हीवर सासू ओरडत होती.

*

नव्या ड्राइव्हवर कॉपी धो धो धावली. मी खुर्ची टाकून समोर बसलो. फाइल जातेय, फाइल जातेय. पाच वर्षांपूर्वीचं भाडेपत्र गेलं. कोयाभाईच्या व्हिसाचा फोटो गेला. एका लग्नाची पत्रिका गेली, कुणाची ते आजवर कळलेलं नाही. सगळं गेलं. आणि शेवटी लाल अक्षरं. एक फाइल राहिली.

कुठली? विचारायला हवं का!

पुन्हा केलं. सगळं गेलं, जुळणी राहिली. तिसऱ्यांदा केलं, तेच. मला वाटलं, ही यादी माझ्यावरच गेली आहे. सगळे परत गेले तरी ही जागची हलायची नाही.

केतकीनं अर्धा तास वाचलं आणि समजावायला लागली. ड्राइव्ह दुकानातून येते तेव्हा तिची आतली आखणी जुन्या पद्धतीची असते. जागा भरपूर, पण चार जीबीपेक्षा मोठी फाइल ती एका तुकड्यात घेतच नाही. आणि कोयाभाईच्या फोटोंमुळे जुळणी झालेली सहा जीबी.

ती आणखी सोपं करून सांगणार, तेवढ्यात मी म्हणालो, "म्हणजे गोदाम मोठं आहे, पण हाउसिंगचा व्यास कमी. बेअरिंग आत बसणार कसं? हाउसिंग बदल!"

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा... एक्झॅक्टली!"

एकोणीस वर्षांत ती मला पहिल्यांदा 'एक्झॅक्टली' म्हणाली. चारशे दिरहम वसूल!

मग तिनं ड्राइव्हची आखणी बदलायला घेतली. त्यात असलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून मालतीबाईंनी जुनी ड्राइव्ह आधीच पर्समध्ये घालून ठेवली होती.

*

आता तरी जावी ना? जाऊ लागली. वीस टक्के, चाळीस, बासष्ट, आणि टक! टक! ड्राइव्ह बंद. पुन्हा लावली, पस्तीसवर टक टक. पुन्हा लावली, सत्तर. प्रत्येक वेळी वेगळा आकडा. इकडे डब्यातली म्हातारी डिस्कही आता कण्हायला लागली होती. प्रत्येक फेरीला मला वाटायचं, ही शेवटची.

यावेळी वही मी गुल खानकडे दिली होती. सांगितलं, "दिवा बघू नको. काय झालं ते लिही, आणि का झालं ते लिही."

आणि लिहिणाऱ्यालाच सापडलं! तिसरी नोंद लिहिताना तो थबकला. मागच्या दोन नोंदींच्या वेळा बघितल्या. उठला, टेबलाखाली वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

डब्याच्या मागची जागा अडचणीची, म्हणून ड्राइव्ह आम्ही एका जोडपट्टीवर, म्हणजे यूएसबी हबवर, लावली होती. त्याच पट्टीवर कोयाभाईचा छोटा पंखा. आणि गुल खान डिलिव्हरीहून आला की त्याच पट्टीवर आपला फोन चार्जिंगला लावायचा. फोन लागला की ड्राइव्हला वीज अपुरी, की टक टक.

टेबलाखालून बाहेर येऊन त्यानं पेन घेतलं, नोंद पुरी केली आणि वही माझ्यापुढे धरली. मला उर्दू येत नाही. "वाच."

"सत्तर तक गया. फेल. वजह: गुल खान."

मी म्हणालो, "अरे, वजह फोन आहे. तुझं नाव कशाला?"

"फोन ख़ुद चल के नहीं आया, शेठ."

मी वही घेतली. मागची पानं उलटली. त्या अठ्ठ्याहत्तर ओकेंच्या शेवटच्या ओळीखाली मराठीत लिहिलं, 'एकदाही झालं नाही. कारण: मेन स्विच. सही माझी.' कोयाभाईनं ते बघितलं, बराच वेळ डोकं खाजवलं, आणि ऑगस्टच्या चार ओकेंवर स्वतःच काट मारली.

ड्राइव्ह सरळ डब्याला लावली. पंखा काढला. गुल खान दोन टक्के चार्जिंगचा फोन मांडीवर घेऊन पहाऱ्याला बसला. सव्वाचार वाजता शंभर. केतकीनं ड्राइव्ह लॅपटॉपला लावून जुळणी उघडून दाखवली. कोयाभाईनं दहा नंबर विचारले, दहाही मिळाले. मगच गुल खाननं लिहिलं, "हुआ. खोल के देखा."

*

दुसऱ्या दिवशी डब्यात नवी डिस्क टाकली. मार्केटातला माणूस म्हणाला होता तसंच झालं. अकरा वाजता म्हाताऱ्या डिस्कनं मान टाकली. डबा गप्प. नव्या डिस्कवर अजून काहीच उतरलं नव्हतं.

आणि त्याच वेळी दारात एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमन, हातात फडक्यात गुंडाळलेलं फुटकं बेअरिंग. त्याची साइट थांबलेली. "हबीबी, फी वला माफी?" आहे की नाही, बोला!

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कोयाभाईनं बाहेरची ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावली. नंबर घातला. आमचं कॉम्प्युटर जुनं, त्यानं सवयीनं वेळ घेतला. एवढा वेळ मी आयुष्यात कधी श्वास धरला नव्हता.

"तीसरा रॅक," कोयाभाई म्हणाला, "नीचे से दूसरा खाना."

"फी!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं, की फोरमन दोन पावलं मागे सरकला.

*

आता शेवटचा किस्सा सांगतो.

डब्यात दुसरीही नवी डिस्क टाकली, ड्राइव्हवरून सगळं परत उतरवलं. यानंतर तीनेक आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, भारतातल्या एका नंबरवरून फोन आला.

"काका? निखिल बोलतोय."

दीड वर्षानं तो आवाज.

"काका, तुम्ही बरे आहात ना? सगळे बरे आहेत?"

"बरा आहे रे. का?"

"नाही, म्हणजे... दुकान?"

"दुकानाचं काय?"

मग म्हणाला, "त्या डब्यात मी माझाच ईमेल टाकला होता. तुमचा नव्हता ना तेव्हा. कॉपी फेल झाली की मला मेल येतो. दर शनिवारी सकाळी डबा सुरू झाला की यायचा."

"दर शनिवारी?"

"एकही चुकला नाही. मला वाटलं, तुम्ही दुसरी काही सोय केली असेल आणि ही सेटिंग तशीच राहिली असेल. पण बरं वाटायचं, काका. मेल आला म्हणजे डबा चालू, डबा चालू म्हणजे दुकान उघडलं. बायकोला पण सांगायचो, काकांचं दुकान उघडलं बघ. मधे एका आठवड्यात तर सात-आठ आले, म्हटलं धंदा वाढला वाटतं! आणि आता तीन शनिवार झाले, एकही नाही. म्हटलं विचारावं कसं... दुकान बंद झालं का, असं कुणाला विचारतात का?"

मी म्हणालो, "निखिल, दुकान चालू आहे. कॉपी व्हायला लागली, म्हणून मेल बंद झाला."

तो हसायला लागला, आणि मग त्याला नाक पुसावं लागलं. ते इकडे ऐकू येत होतं. माझंही तेच चाललं होतं.

फोन ठेवल्यावर मी वही मागवली. त्या शनिवारच्या ओळीखाली एक ओळ लिहिली.

गुल खान बाजूला उभा होता. "क्या लिखा, शेठ?"

मी वाचून दाखवलं. "दीड वर्षात निखिलला एकही फोन केला नाही. कारण: मी."

त्यानं वही माझ्या हातातून घेतली, तारीख नीट आहे का बघितली, आणि खाली साक्षीची सही केली.

तेव्हा तुम्हालाही एवढंच मागणं आहे. वही कसलीही असू द्या, ओके लिहिण्याआधी एकदा उघडून बघा, आणि हिशेब खरा ठेवा.